दोन त्रिकोणांचं फुलपाखरू

पांढऱ्या कागदावर दोन फिकट गुलाबी त्रिकोण, मध्ये एक काळी रेघ आणि भोवती ऐसपैस रिकामी जागा. दिवाणखान्यातल्या अशा छापील चित्राला ‘फुलपाखरांपासून प्रेरित’ म्हणायची पद्धत आहे. प्रेरणा नेमक्या कोणत्या फुलपाखरानं दिली, हे विचारू नये. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेलं नीलवंत काळ्या मखमली पंखांवर निळा पट्टा मिरवतं, मागच्या पंखांवर गोल काळे ठिपके असतात, आणि हा सगळा रंग म्हणजे कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले. यातलं त्रिकोणांत काहीच उतरलेलं नाही. शीर्षक झाकलं, तर तेच चित्र शिडाच्या होडीपासून किंवा समोशापासूनही प्रेरित ठरेल.

जाणकार म्हणतील, अमूर्त चित्रात साम्य शोधणं हाच अडाणीपणा. मान्य. पण चित्रकार मोंद्रियानची झाडं पाहा: आधीचं लाल झाड, १९११ चं करडं, १९१२ चं बहरलेलं सफरचंदाचं. झाडपण टप्प्याटप्प्यानं गळत गेलं आणि रेषा उरल्या. तिथे काय वगळलं ते दिसतं; इथे वगळायला मुळात काही घेतलेलंच नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक: डोळ्यांना बरं वाटतं, सोफ्याशी रंग जुळतो. हे खरंच आहे, मग प्रेरणेचं श्रेय सोफ्याला द्यावं. खऱ्या फुलपाखराचं म्हणाल, तर नीलवंताच्या अळीला लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं लागतात, आणि बाल्कनीतल्या लिंबाच्या कुंडीत अळी दिसली की अशी चित्रं टांगणाऱ्या याच घरांतून फवारणीचा पंप निघतो.