पत्र आणि पत्रा

विनिपेग, 18 ऑगस्ट

ती. आई-बाबा आणि आजीस सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या भिंतीसाठीचा फोटो दाखवला आणि नेमकं नेटवर्क गेलं. तेवढ्यात कार्ल्यात काय काय पसरलं असेल या धास्तीने हे पत्र. फोनवर तुम्ही तिघं एकदम बोलता. कागदावर निदान माझं वाक्य पूर्ण होतं.

बाबा, ते ताटात सांडलेले तांदूळ नाहीत. इंद्रायणी तर नाहीच. ते बेलुगा देवमासे आहेत, एकेक तेरा-चौदा फुटांचा. आणि तुम्ही ज्यांना खडे समजून "निवडून घ्या गं" म्हणालात, ती त्यांची पिल्लं. ही जात जन्मते करडी आणि वयात येता येता पांढरी होते. आपल्याकडे फक्त केसांचं होतं तसं यांचं सगळ्या अंगाचं.

दर उन्हाळ्यात हडसन बेमधले हजारो बेलुगा चर्चिल नदीच्या मुखाशी येतात. तिथलं पाणी जरा कोमट, त्यात जुनी कातडी सुटते. उथळ पाण्यात तळाच्या वाळू-गोट्यांवर अंग घासून ते ती काढून टाकतात. आई, तुला वज्री आठवली ना? फरक इतकाच, की यांना नरकचतुर्दशीला पहाटे ओढून उठवावं लागत नाही. तुझ्या नातवाला लागतं.

फोटो विमानातून, सरळ खाली बघून काढलाय. म्हणून त्यात ना आकाश, ना किनारा, आणि म्हणूनच बाबांना ताट दिसलं. देवमाशांच्या आसपास विमान 1000 फुटांच्या खाली आणायला इथे कायद्याने बंदी आहे. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमच्या पायऱ्यांवर माणसांसाठी असं काही करता आलं तर बघा.

"हवेतून फोटो काढायचे तर गड काढावेत, वारी काढावी," हे बाबांचं म्हणणं मान्य. उद्धव ठाकऱ्यांचं 2010 चं 'महाराष्ट्र देशा' कपाटातून काढून पाहुण्यांकडून गड ओळखून घेणं हा तुमचा आवडता छळ आहे, तो चालू ठेवा. पण भिंतीवर हे बेलुगाच लागणार.

चर्चिलला आम्ही रेल्वेने गेलो, हे मात्र रेल्वेवाल्या बाबांसाठी खास. रस्ताच नाही तिथे. 1700 किलोमीटर, दोन रात्री. 1929 मध्ये लाईन पोचली, पण खालची जमीन कायमची गोठलेली. वरचा थर वितळला की रूळ वर-खाली होतात. मग जागोजागी गाडी रांगते. हे म्हणाले, "किती रखडते!" मी तुमच्या आवाजात म्हटलं, "कॉशन ऑर्डर असेल." 2017 च्या पुराने लाईन वाहून गेली, ती सुरू व्हायला दीड वर्ष लागलं. घाटात दरड कोसळली की तुम्ही रात्रभर ड्युटीवर असायचात ते आठवलं. चर्चिलमध्ये लोक गाड्यांना कुलूप लावत नाहीत, कारण रस्त्यात पांढरं अस्वल आलं तर कोणालाही कुठल्याही गाडीत शिरता यावं. लोणावळ्यात हे सांगू नका, अस्वलाशिवायच शिरतील.

आता आजी. तिचा पेच खरा आहे: "देव म्हणावं तर पाया पडते, मासा म्हणावं तर गळ्यात माळ आहे." आजी, तो मासा नव्हे. पिल्लाला दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो. यावर तू "मग गाईच्या कॅलेंडरशेजारी लावा" म्हणालीस, तो तोडगा मला पसंत आहे. शिवाय आपल्या गावाला देवमासा नवा नाही. गेल्या डिसेंबरात एकवीरेचं दर्शन घेऊन लेण्यात गेलो, तेव्हा चैत्यगृहाच्या छताच्या लाकडी फासळ्यांकडे बघून चिरंजीवांनी विचारलं होतं, "आई, आपण कोणाच्या पोटात आलोय?" दोन हजार वर्षांच्या फासळ्या, आणि मी इतक्या वेळा जाऊन मला कधी सुचलं नव्हतं.

राहता राहिला पत्रा. मागे लग्नाचा फोटो कॅनव्हासवर करून दिला, तर जुलैच्या ओलीत जावईबापूंना हिरवी दाढी आली आणि ऑगस्टात मलाही. म्हणून या वेळी फोटो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून घेतलाय. पुसला की झालं. हे सांगताच बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "कितीचा आहे?" मला वाटलं, किंमत विचारताय. तर तुम्ही गोठ्याच्या छपराचं माप घेत होतात! चार बाय तीनचा आहे, बाबा. गोठ्याचं गळकं पान पाच बाय तीनचं आहे, आठवतंय मला. पुरणार नाही. तरीही मी येईपर्यंत भिंतीला भोक पाडू नका, आणि शिडीही काढू नका.

तुमची,
ताई

ता. क. इंद्रायणी संपत आलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाच किलो पाठवा. खडे असले तरी चालतील, चिरंजीव त्यांना पिल्लं म्हणून बाजूला काढून ठेवतात.