कांद्याला बंदी, गोलाला मुभा

अमेरिकेत कांद्याचा वायदा करणं हा गुन्हा आहे, तोही १९५८ पासून. शिकागोच्या बाजारात तुम्ही सोन्याचा वायदा करा, गव्हाचा करा, डुकरांचा करा, कुणी हटकणार नाही. पण पुढच्या मार्चात कांदा काय भावाने जाईल यावर सौदा लावलात की कायदा आडवा येतो. उलट आज रात्रीच्या हॉकी सामन्यात पहिला गोल कोण मारणार यावर खुशाल पैसे लावा. (हॉकी म्हणजे बर्फावरची. ध्यानचंदांची नव्हे.) तो जुगार नाही. गहू-तेलाच्या वायद्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या छत्राखालचा तो रीतसर व्यवहार आहे. नॅशनल हॉकी लीगनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये काल्शी आणि पॉलीमार्केट या असे सौदे चालवणाऱ्या दोन्ही कंपन्यांशी करार करून टाकला. एकीशी केला असता तर दुसरीला वाईट वाटलं असतं.

व्यवहार सोपा आहे. एखाद्या खेळाडूच्या नावापुढे 'हो' आणि 'नाही' यांचे भाव असतात, एक सेंटपासून नव्याण्णव सेंटांपर्यंत. त्याने पहिला गोल मारला तर 'हो'वाल्याला पुरा डॉलर, नाही मारला तर भोपळा. यात बुकी नाही, हे कंपन्या छातीठोकपणे सांगतात. तुम्ही लावलेत आणि समोरच्याने लावले, आम्ही फक्त मध्ये बसून थोडी फी घेतो. हा समोरचा म्हणजे तुमच्यासारखाच कुणी बिअरचा ग्लास घेऊन बसलेला हॉकीवेडा, अशी आपली भाबडी समजूत. प्रत्यक्षात ससक्वेहानासारखी बडी वित्तीय पेढी २०२४ पासून काल्शीवर दोन्ही बाजूंचे भाव लावून बसली आहे. तिच्याकडे गणिती आहेत. तुमच्याकडे आवडत्या खेळाडूचा टी-शर्ट आहे.

आता वायदेबाजार असतो कशाला? शेतकऱ्याला भाव पडण्याची धास्ती असते, गिरणीवाल्याला चढण्याची. दोघं आधीच सौदा करून झोप विकत घेतात. म्हणून अशा सौद्यामागच्या घटनेचा काहीतरी आर्थिक परिणाम असावा, अशी अमेरिकी कायद्याची अपेक्षा आहे. तेव्हा पहिल्या गोलाने कुणाची झोप उडते याचा शोध घेणं भाग आहे. मला सुचलेली माणसं अशी: 'आपल्या संघाचा पहिला गोल झाला की सगळ्यांना एक ग्लास फुकट' अशी पाटी लावून बसलेला बारवाला, ज्याच्या नावाचे टी-शर्ट दुकानदाराने जास्तीचे भरून ठेवले तो खेळाडू, म्हणजे खरं तर तो दुकानदार, आणि पहिल्या गोलानंतर टीव्ही फोडणारा शेजारी. बाकीचे लाखभर लोक कोणत्या जोखमीपासून स्वतःला वाचवत आहेत, हे त्यांच्या बायकांनाच विचारावं लागेल.

जोखीम ज्याला खरीखुरी होती, त्या कांदेवाल्याची गंमत ऐका. १९५५ मध्ये व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या जोडगोळीने शिकागोतला जवळपास सगळा कांदा गोदामात कोंबला. मग भाव पडण्यावर सौदे लावले आणि साठवलेला माल बाजारात ओतला. मार्च १९५६ मध्ये पन्नास पौंडांचं पोतं दहा सेंटांवर आलं. नुसता रिकामा बारदानाही त्याहून महाग होता. लासलगावच्या शेतकऱ्याला हे वाचून अमेरिका एकदम जवळची वाटेल. फरक इतकाच की तिथल्या शेतकऱ्यांच्या ओरड्याने खरंच कायदा झाला. तो मांडणारे मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. थोडक्यात, भावाची खरी धास्ती आहे त्या मालाला सट्टा नको, आणि कुणाचं काही अडत नाही त्या गोलाला हवा तेवढा!

आमच्या मुंबईने ही सट्ट्याची विद्या न्यूयॉर्ककडूनच उचलली होती. तिथल्या कापूस बाजाराचे उघडते नि मिटते भाव टेलिप्रिंटरवर यायचे, त्यांच्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये भाव यायचे थांबले, तर कल्याणजी भगतांनी वरळी मटका सुरू केला, मग रतन खत्रींनी पत्ते काढायला घेतले. मटक्यातही एकजण लावायचा, दुसरा घ्यायचा आणि मधला कमिशन खायचा. पण या मंडळींना वॉशिंग्टनचे वकील परवडले नाहीत, म्हणून पोलीस यायचे. आपल्या संसदेने तर ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली आणि 'मत मांडा, पैसे मिळवा' म्हणणारी ॲपंही गुंडाळली गेली.

मटक्यात एक सोय होती. पत्ता निघाला की निघाला. इथे पहिला गोल कोणाचा हे ठरवणं म्हणजे वाटणीपत्रच. जेमतेम तीन इंच रुंदीची रबराची चकती लांबून सुटते, वाटेत सहकाऱ्याच्या नडगीला लागते, मग प्रतिस्पर्ध्याच्या स्केटवर आपटून जाळ्यात जाते. गोल कुणाचा? हल्ला करणाऱ्यांपैकी शेवटचा स्पर्श ज्याचा, त्याचा. तो कुणाचा होता हे अधिकृत गुणलेखक चित्रफीत पाहून ठरवतो आणि कधी कधी नंतर नाव बदलतोही. त्यात समोरचा प्रशिक्षक ऑफसाइडची तक्रार करून गोलच रद्द करून घेतो. ज्याने नडगीवर चाळीस डॉलर लावले, त्याने तोवर श्वास कुठे ठेवायचा?

या सगळ्यावर आयोगाची नजर आहेच. आयोगात खुर्च्या पाच. २०२५ च्या अखेरीस त्यांपैकी एकच भरलेली होती, त्यामुळे मतभेद होत नव्हते. डोनाल्ड ट्रम्प ज्युनियर काल्शीचेही सल्लागार आहेत आणि पॉलीमार्केटचेही, त्यामुळे तिथेही मतभेद होत नसावेत.

तक्रार केली ती नेवाडा राज्याने. होय, लास व्हेगासच्या नेवाडाने. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जुगार मंडळाने काल्शीला कळवलं की हा जुगार आहे, बंद करा. सोनारानेच कान टोचले! कंपनी कोर्टात गेली. एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी राज्याला कारवाई करण्यापासून रोखलं; नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायाधीशांनी ती मनाई उठवली. आता शेवटचा निकाल काल्शीच्या बाजूने लागेल का, याचाही 'हो-नाही' भाव निघायला काय हरकत आहे? या घटनेचा आर्थिक परिणाम तरी निर्विवाद आहे, आणि निकाल उलटा लागण्याची धास्ती असलेलं खरंखुरं गिऱ्हाईकही हाताशी आहे. काल्शीने स्वतःच पहिला सौदा घ्यावा, 'नाही'च्या बाजूने.