किती हवं?

आमच्या शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात माणसाला किती हवं, हे त्याला विचारायची पद्धत नाही. रेशनवर माणशी 5 किलो धान्य. भूक 6 किलोची असली तरी 5, आणि घरातलं पोर अजून अंगावर पीत असलं तरी 5. एसटीत जेवढी जागा तेवढे प्रवासी, बाकीच्यांनी नाक्यावर उभं राहून राजकारणावर बोलायचं. वीज कधी जाणार हे वर कुठेतरी ठरतं, आणि परत कधी येणार हे कुठेच ठरत नाही. या व्यवस्थेत एक सुख आहे. निर्णय घ्यावा लागत नाही, त्यामुळे तो चुकतही नाही.

अशा घरात यंदाच्या मे महिन्यात पुतण्या लॅपटॉप घेऊन आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. भाताच्या पानांचे फोटो बघून करपा पडलाय की नाही, हे संगणकाला ओळखायला शिकवायचं, हा प्रकल्प. लॅपटॉप चार फोटोंतच तापला आणि बुलेटसारखा आवाज करू लागला. तेव्हा इंटरनेटवरून दूरचा दणकट संगणक तासावर भाड्याने घ्यायचं ठरलं. गच्चीच्या ज्या कोपऱ्यात नेटवर्क येतं तिथे सतरंजी अंथरली. सगळं घर भोवती बसलं.

आणि पडद्याने विचारलं. प्रोसेसर किती? मेमरी किती? ग्राफिक्स कार्ड हवं का? डिस्क केवढी? यंत्र कुठल्या विभागातलं? किती तास? काम थांबलं तर किती मिनिटांनी बंद करू?

क्षणभर कुणी बोलेना. एवढ्या आस्थेने आमची चौकशी सोयरीक जुळवतानाही कुणी केली नव्हती.

“कोन हाय रं तो?” आईने विचारलं. “चांगल्या घरचा दिसतो. च्या घेतो का इचार.”

दादाने सूत्रं हाती घेतली. अर्ज कसे भरावेत यावर पंचक्रोशीत त्याचा शब्द चालतो. “सगळ्यात मोठं टाक. दुप्पट मागितलं की निम्मं मंजूर होतं.”

“बाबा, इथे निम्मं नाही होत. मागाल तेवढं लगेच मिळतं.”

दादाचा चेहरा पडला. उभ्या आयुष्याचा अनुभव एका वाक्यात निकामी झाला होता. पुढे कळलं की यंत्र एकदा सुरू झालं की मीटर पळतो, मग त्याच्याकडून काम करून घ्या नाहीतर त्याला नुसतं बसवून ठेवा.

“म्हणजे आपण जेवायला गेलो तरी चालू?”

“चालूच.”

“मग कोणी जेवायला जायचं नाही.”

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे अशा वेळी मला मत असावंच लागतं. मी समजावून सांगितलं. ग्राफिक्स कार्ड मुळात खेळांमधली चित्रं भराभर रंगवायला निघालं, पण एकाच धाटणीची सोपी गणितं हजारोंनी एकदम करण्याचा त्याचा गुण अशा शिकवणीला नेमका लागू पडतो. एनव्हिडियाचं 2018 सालचं टी4 कार्ड घेतलं, तरी त्यात 2560 गाभे आहेत. मेमरीचं मात्र वेगळं. ती कमी पडली तर काम हळू होत नाही, सत्रच कोसळतं, आणि न साठवलेलं सारं पुसलं जातं. फुकटच्या सेवाही असतात. गुगलच्या कोलॅबमध्ये फार तर सलग 12 तास बसू देतात, आणि मधेच विचारतात, ‘अजून आहात ना?’

“हाय रं बाबा,” आई म्हणाली, “जातंय कुठं!”

मग तिने एकच प्रश्न केला. “लग्नाचा आचारी ‘पानं किती’ इचारतो, तसंच ना ह्यो? मग आदी वाटीभर शिजवून बघ. तांदूळ नवा का जुना, किती फुगतो, ते कळल्याबिगर मोठं पातेलं चढवायचं नाय.”

पुतण्या तिच्याकडे बघत राहिला. कारण पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. आधी थोडे फोटो घेऊन लहान यंत्रावर चालवायचं, किती मेमरी खाल्ली ते बघायचं, आणि मगच मोठं मागायचं. कंपन्या या कामासाठी पदवीधर नेमतात. तुटपुंज्यात भागवण्याची कला पगारी असते, हे आमच्या तालुक्याला आधी कळलं असतं तर अर्ध्या बायका सल्लागार झाल्या असत्या.

राहिला विभाग. पुतण्याने ‘मुंबई’ निवडलं. यंत्र जितकं जवळ, तितकं उत्तर लवकर. मायक्रोसॉफ्टने 2015 साली पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने 2016 साली मुंबईत अशा भाड्याच्या यंत्रांचं बस्तान मांडलं, तेव्हापासून हे काम सिंगापूरला धाडावं लागत नाही.

“एवढी यंत्रं एका जागी,” दादा म्हणाला, “तापत नसतील?”

“तापतात ना. गार करावी लागतात. कुठे हवेने, कुठे पाण्याने.”

‘पाणी’ म्हटल्यावर दादा सावरून बसला. आमच्याच तालुक्यातला तानसा तलाव 1892 पासून मुंबईला पाणी पाजतोय. मुंबईच्या सात तलावांतला निम्म्याच्या आसपास साठा एकट्या भातशाचा, तोही इथलाच. आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात. किती हवं, हे मुंबईला विचारून झालेलं असतं.

“हा फॉर्म पाण्याला नाय का?” दादाने विचारलं.

“नाही बाबा.”

“नसू दे. तू लिहून घे.” आणि तो सांगू लागला. “विभाग शहापूर. मुदत मार्च ते जून. डिस्क नको, धरण आमच्याकडंच हाय. ग्राफिक्स नको, पाणी दिसलं तरी पुरे.”

“आणि वापर नसेल तर आपोआप बंद करायचं?”

“कर की,” दादा म्हणाला. “पण आमचं नाय, मुंबईचं.”