उतारा दुकानदाराने निवडावा

पुस्तकाच्या दुकानात लेखकाने आपल्या नव्या कादंबरीतला उतारा वाचून दाखवायचा, हा प्रकार आता आपल्याकडेही रुळला आहे. खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा असतो, त्या दिवसापुरती सवलतही असते. नशिबावर सोडलेली असते ती एकच गोष्ट: वाचायचं काय? ते लेखक ठरवतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. कारण तो निवडतो ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान नव्हे, सगळ्यात कष्टाचं. ज्याचे त्याने पुन्हा पुन्हा खर्डे केले, ज्यात पाऊस साडेतीन पानं पडतो आणि क्रियापद येईपर्यंत ऐकणारा कर्ता विसरलेला असतो, ते पान. डोळ्यांना मागच्या ओळीवर परतता येतं, कानांना ती सोय नाही. मोठ्याने वाचताना मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द होतात. म्हणजे दोन हजार शब्दांचा पाऊस पंधरा मिनिटं कोसळतो आणि बाहेर पडायला आडोसाही नसतो, कारण दार नेमकं लेखकाच्या पाठीमागे असतं.

यावर कुणी म्हणेल, स्वतःचं पुस्तक लेखकाइतकं कोण जाणतो? कबूल. पण अडचण तीच आहे. त्याला सगळंच माहीत असल्यामुळे समोरच्याला काय माहीत नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आलंच, तर ते जास्त धोक्याचं. मग 'याआधीचं थोडक्यात सांगतो' म्हणत तो नायकाच्या पणजोबांपासून सुरुवात करतो. (कवींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना संदर्भ लागत नाही, थांबवणारा लागतो.)

चार्ल्स डिकन्सने 1853च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला 'अ ख्रिसमस कॅरल' वाचली, तेव्हा सुमारे तीन तास लागले. पुढे त्याने वाचनासाठी वेगळ्या प्रती केल्या आणि स्वतःच्याच मजकुरावर कात्री चालवत वेळ जवळपास निम्म्यावर आणला. डिकन्सला जे जमलं ते आपल्या पहिल्या आवृत्तीच्या मानकऱ्यांना जमत नाही. छापलेल्या ओळीवर काट मारणं त्यांना पाप वाटतं. डिकन्स हाडाचा नट होता, आम्ही गंभीर साहित्यिक, असा बचाव होतो. ठीक आहे, मग गांभीर्य घरी बसून वाचू द्यावं. त्यासाठी लोकांची शनिवारची संध्याकाळ कशाला मागावी? पु. ल. देशपांडे तर 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी करणारे. तरी त्यांनी आणि सुनीताबाईंनी बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या कविता वाचल्या, आणि त्या वाचनाची आठवण रसिक अजून काढतात. मात्र स्वतःच्या प्रकाशनाला दुसऱ्याचं वाचण्याइतकं मोठं मन मागणं, हा जुलूम होईल.

म्हणून उतारा दुकानदाराने निवडावा. त्याला साहित्यातलं कळतं का, हा प्रश्न गैरलागू आहे. गठ्ठ्यातल्या किती प्रती उरल्या, हे त्याला कळतं. संवाद आहेत, पात्रं दोनच आहेत आणि भांडण ऐन रंगात आलंय, असं पान तो काढेल आणि दाराची कडी वाजली की लेखकाला थांबवून बिलाचं पुस्तक उघडेल. लेखकाच्या हाती दिलं, तर तो भरात येऊन दार उघडतो, आत कोण आलं ते सांगतो, खून कुणी केला तेही सांगतो आणि मग गठ्ठ्याला कुणी हात कसा लावला नाही, म्हणून प्रकाशकाकडे बघत राहतो.