पत्ते फार, किल्ल्या किती?

ईमेलचा एकच पत्ता असलेला माणूस हल्ली शोधून सापडत नाही. एक पत्ता ऑफिसचा, एक घरचा, एक सोसायटीच्या सेक्रेटरीपदाबरोबर गळ्यात पडलेला आणि एक दुकानदाराने मागितला की तोंडावर फेकायचा. असा माणूस मेल एन्क्रिप्ट करण्याच्या, म्हणजे कुलूपबंद करण्याच्या नादी लागला की पहिल्याच पायरीला अडतो. प्रत्येक पत्त्याला वेगळी किल्ली करायची, की सगळ्यांना मिळून एकच?

किल्ली म्हणतात, पण ती असते जोडी. सार्वजनिक किल्ली गावभर वाटायची. तिने पत्र बंद होतं, उघडत नाही. उघडायला आपल्याजवळची खासगी किल्लीच लागते. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी ही कल्पना १९७६ साली मांडली. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा प्रोग्रॅम लिहून ती घरच्या संगणकावर आणली. प्रोग्रॅम अमेरिकेबाहेर पोचला, तशी सरकारने शस्त्रांच्या निर्यातीच्या नियमांखाली त्यांची चौकशी लावली. ती १९९६ मध्ये थांबली.

एवढ्या खटाटोपाने हाती आलेलं हे शस्त्र चालवणं मात्र लोकांना जमेना. १९९९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी १२ जणांना बसवून पीजीपी वापरायला लावलं, वेळ दिला दीड तास. तेवढ्यात बरोबर सही करून, एन्क्रिप्ट करून पत्र पाठवणं जमलं ते एक तृतीयांश लोकांना. तिघांनी तर जे गुपित राखायचं तेच उघडं पाठवून दिलं.

आता थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय आतच आहे, त्यामुळे सगळं पुष्कळ सोपं झालंय. पण मजा पाहायची तर पीजीपीच्याच वळणाचा जीपीजी हा प्रोग्रॅम आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत चालवावा. किल्ली घडवताना तो नम्रपणे सुचवतो की कीबोर्ड बडवा, माउस हलवा, म्हणजे मला भरपूर यादृच्छिक आकडे मिळतील. घरातलं लहान मूल कामी येण्याचा संगणकातला हा एकमेव प्रसंग. पुढे दुसऱ्याची किल्ली घेऊन तिच्यावरचा विश्वास नोंदवायला गेलं की विचारतो, या माणसावर विश्वास किती? माहीत नाही, नाही, थोडा, पूर्ण, परम. लग्न जुळवताना कुणी इतकं नेमकं विचारत नाही. परम विश्वास आपण ठेवायचा तो स्वतःच्या किल्लीवर.

तर, एक की अनेक? एकाच किल्लीवर हवे तेवढे पत्ते जोडता येतात. पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, एक, मुदत एक, डोक्याला ताप एक. पण ती सार्वजनिक किल्ली ज्याच्या हाती जाईल त्याला आपले सगळे पत्ते एकाखाली एक वाचायला मिळतात. ऑफिसच्या साहेबांना कळतं की कवितांच्या ग्रुपवरचा ‘चांदणवेडा’ म्हणजे आपला अकाउंट्सवाला. सार्वजनिक किल्ल्या सगळ्यांसाठी मांडून ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कीसर्व्हरवर किल्ली एकदा चढवली की खाली उतरत नसे. पत्ता रद्द करता येई, पण तो ‘रद्द’ असा शिक्का मिरवत तिथेच राही.

बरं, वेगळ्या किल्ल्या केल्या तर कमरेला जुडगा खोचलेल्या जुन्या काळच्या सासूबाईंसारखी गत होते. मान मोठा, पण कोणती किल्ली कशाची हे विचारायची सोय नाही. प्रत्येकीची मुदत निराळी, पासफ्रेज निराळी. मित्र नेमका चुकीच्या किल्लीने पत्र बंद करतो आणि तिची खासगी जोडीदार असते दुसऱ्या लॅपटॉपवर. पासफ्रेज विसरलात तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं बटण इथे नाही. गेलं ते गेलं.

माझ्या मते किल्ल्या मोजाव्यात त्या पत्त्यांवरून नव्हे, तर आयुष्यांवरून. जे पत्ते एकाच व्हिजिटिंग कार्डावर छापायला लाज वाटणार नाही, त्यांना एक किल्ली पुरे. ऑफिसची मात्र कायम वेगळीच असावी, कारण नोकरी सोडताना ती मागे ठेवायची वेळ येऊ शकते. टोपणनावाने जे काही चालतं त्याचीही वेगळीच. दोन-तीन किल्ल्यांत बहुतेकांचा संसार भागतो.

मग थोडी शिस्त पाळा. किल्लीला मुदत घाला. ती पुढे वाढवता येते. किल्ली रद्द करण्याचं प्रमाणपत्र आधीच कागदावर छापून कपाटात ठेवा. मुदत संपलेली किल्ली फेकू नका, जुनी पत्रं तिनेच उघडतात. आणि एवढं सगळं करून विषयाच्या ओळीत ‘पगारवाढीबद्दल अत्यंत गोपनीय’ असं लिहू नका. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ती ओळ आजही उघडीच जाते.