संचालक मंडळ, ६०० × ४००

धाराशिव जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची वेबसाईट आहे. नाव सांगत नाही, ठेवी आमच्याच आहेत. तिच्या ‘आमचे संचालक’ या पानावर ओळीनं करडे चौकोन आणि प्रत्येकावर ठळक छापलेलं: ६०० × ४००. खाली नाव, हुद्दा, मोबाइल. सगळे संचालक एका मापाचे निघालेली ही सहकारातली पहिलीच संस्था असावी; एरवी एकमेकांची मापं काढण्यातच वार्षिक सभा संपते.

ही किमया वेबसाईट बनवणाऱ्या पोराची. खरा फोटो हाताशी नसला तर त्याची जागा धरून ठेवणारी फुकटची साधनं इंटरनेटवर आहेत. ‘प्लेसहोल्ड डॉट को’च्या पत्त्यापुढे रुंदी आणि उंची टाकली, की तेवढाच करडा चौकोन अंगावर स्वतःचं माप छापून हजर. हेतू साधा: पानाची मांडणी आधी बघून घ्यावी, फोटो आले की चौकोन काढावेत. साधनाचा यात काडीचाही दोष नाही. ते काढणाऱ्यानं आमच्या संचालकांना हिशेबात धरलं नव्हतं, इतकंच.

“अण्णा, फोटू द्या की,” पोरगं विनवतंय. चेअरमन अण्णा म्हणतात, “एकाचा लावला की दुसरा रुसतोय. राहू दे तसंच, सगळे सारखे दिसायलेत.”

मध्यंतरी पोरानं चौकोन काढून ‘लोरेम पिक्सम’ लावलं. त्यात खरेखुरे फोटो येतात, आणि ‘कुठलाही चालेल’ म्हटलं तर पान उघडाल तेव्हा वेगळा. सोमवारी व्हाइस चेअरमनच्या जागी बर्फाचा डोंगर. मंगळवारी त्या संग्रहातला पग कुत्रा, पांघरुणात गुंडाळलेला, केविलवाण्या डोळ्यांचा. थकबाकीदारांनी स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवला. दोघा-तिघांनी तर फोटो ओळखला म्हणे.

दुसऱ्या एका साईटवर नळदुर्गाच्या माहितीशेजारी सूचिपर्णी झाडं, निळंशार सरोवर आणि त्यात होडी. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजणारा जिल्हा आमचा! इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे तुळजापूरहून तासाभराच्या आत आहेत. मोबाइलवर फुकट टिपता येतात. पण त्यासाठी खुर्चीतून उठावं लागतं.

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा साईटीही अद्ययावत झाल्या. म्हणजे उस्मानाबादच्या जागी धाराशिव आलं, चौकोन होते तिथंच राहिले. पुढच्या वर्षी ‘अनस्प्लॅश सोर्स’ ही फुकट फोटो पुरवणारी सेवाच बंद पडली. तिच्या भरवशावरच्या पानांवर मग चौकोनही उरला नाही, नुसती फाटक्या चित्राची खूण. वास्तविक असा करडा चौकोन सीएसएसच्या दोन ओळींत घरच्या घरी होतो. पण रिकामी जागासुद्धा उसनीच आणायची म्हटल्यावर कोण काय करणार?

मला मात्र या चौकोनांची चीड येत नाही. सवय आहे. मराठवाड्याच्या हक्काचं कृष्णेचं २१ टीएमसी पाणी आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. सभा कुणाचीही असो, आकडा ठळक, अगदी मधोमध. चित्र तेवढं यायचंय.

परवा अण्णांनी पोराला तातडीनं बोलावून घेतलं. फोटो मिळणार म्हणून ते पेनड्राइव्ह घेऊनच गेलं. अण्णा मोबाइल पुढं करून म्हणाले, “समोरच्या पॅनेलची साईट बघितलास का? त्यांचे चौकोन १२०० × ८०० आहेत. निवडणूक तोंडावर आलीय, आपले बी तेवढे करून टाक.”