अजून पाच हजार टाकले तर...

त्यांचं खरं आडनाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वापरत नाही. आमच्याकडे ते पाचहजारे. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी पाचहजारे असतातच. कुणी फ्रिज घ्यायला निघो, गिझर घ्यायला निघो, नाहीतर पोराला सायकल, ते सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग "वाईट नाही" म्हणतात, नजर वर पंख्याकडे लावतात आणि पुटपुटतात, "पण अजून पाच हजार टाकले तर..." वाक्य पुरं करायची वेळच येत नाही. समोरच्याची त्या रात्रीची झोप तिथेच उडालेली असते.

पाच हजार अर्थातच समोरच्याचे.

गिझरमध्ये चढून चढून माणूस किती चढणार, पंधराचे पंचवीस लिटर. होम थिएटरमध्ये मात्र ५.१, ५.१.२, ७.२ अशी न संपणारी चढण असते, आणि पाचहजारे तिथेच खुलतात. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले निवृत्त झाले आणि फंडातले साठ हजार त्यांनी रिसीव्हर-स्पीकर मिळून बाजूला काढले, तेव्हा ही संधी चालून आली. गरज साधी होती. नवा टीव्ही पातळ, त्याचे स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसलेले. पार्श्वसंगीत ढणाढणा वाजायचं आणि मालिकेतली सासू नेमकं काय बोलली ते वहिनींना कळायचं नाही. याला कुठलाही बरासा ५.१ पुरतो. पाच स्पीकर, एक सबवूफर. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, मालिका स्टिरिओत असली तरी रिसीव्हर ते मध्ये आणून बसवतो आणि मेनूत जाऊन तेवढाच आवाज चढवता येतो. पण सोबत पाचहजारे होते.

तपकीर गल्लीतल्या दुकानात त्यांनी आधी रिसीव्हर हातात घेऊन पाहिला. बटणं बघितली नाहीत, वजन बघितलं. "जड आहे. ट्रान्सफॉर्मर मोठा असणार." मग स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कान लावला. विक्रेता म्हणाला, "हजार वॅट आहे, काका." पाचहजारे मंद हसले.

"किती चॅनल चालू असताना?"

विक्रेता गप्प.

"किती हर्ट्झला? डिस्टॉर्शन किती?"

विक्रेत्यानं चहा सांगितला.

मग बँकवाल्यांना आणि मला कळलं की खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा एकच चॅनल चालवून, एकाच किलोहर्ट्झच्या सुरावर, दहा टक्के आवाज फाटेस्तोवर मोजलेला आणि वर चॅनलांच्या संख्येनं गुणलेला असतो. बघायचा तो आकडा आतल्या कागदावर, बारीक अक्षरात: २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल, डिस्टॉर्शन ०.०८ टक्के. तिथे हजाराचे चॅनलमागे सत्तर होतात. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. तो मिनिटभर टिकला.

"सत्तर वॅट. वाईट नाही. पण अजून पाच हजार टाकले तर नव्वद वॅटचा येतो."

पाचहजारेंची अडचण ही की ते चुकीचं काही बोलत नाहीत. नव्वदचा खरंच येतो. पण वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलच वाढतो, हे त्यांनीच मला गच्चीवर समजावलं होतं. त्या हिशेबानं सत्तरचे नव्वद म्हणजे जेमतेम एक डेसिबल. त्याऐवजी ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर सोडून ८९ चा उचलला तर तेच तीन डेसिबल रिसीव्हरवर एक रुपया जास्त न घालता मिळतात. हेही त्यांना पाठ आहे. दुकानात आठवत नाही, एवढंच.

पुढची पायरी अ‍ॅटमॉस. आवाज छतावर आपटून खाली यायचा. बँकवाल्यांच्या छताच्या मधोमध पंखा, भोवती पीओपीची नक्षी. आवाज नेमका कशावर आपटणार हा प्रश्न कुणी काढला नाही. त्यापुढची सात चॅनलची. मागचे दोन जादा स्पीकर ऐकणाऱ्याच्या पाठीमागे लागतात आणि बँकवाल्यांचा सोफा भिंतीला टेकलेला. ते दोन स्पीकर शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये बसवावे लागले असते. बाजूच्या दोघांपैकी उजवा तसाही देवघराच्या डोक्यावर येत होता. मग ८के, "भविष्यासाठी". भविष्य हा पाचहजारेंचा हुकमी एक्का आहे, त्याची पावती कुणालाच दाखवता येत नाही. सगळं मिळून एक लाख पाच हजार झाले. बँकवाले आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासत आले होते. आता स्वतःचा हप्ता काढू लागले.

तेवढ्यात सोबत आलेल्या वहिनींनी विचारलं, "यातला बोललेलं ऐकू येणारा कुठला?"

विक्रेत्यानं निमूटपणे पहिल्या खोक्याकडे बोट दाखवलं.

पण पाचहजारेंवर अन्याय नको. रविवारी सकाळी ते मोजपट्टी घेऊन हजर. दोन तास राबले, चहाशिवाय काही घेतलं नाही. बंद शोकेसमध्ये ठेवलेला रिसीव्हर बाहेर काढायला लावला, तापतो म्हणून, आणि त्याच्या वर चार बोटं मोकळी ठेवली. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली, फरशीवरून आलेला प्रतिध्वनी ऐकला आणि माळ्यावरची सतरंजी खाली उतरवली. रिसीव्हरसोबत आलेला छोटा माईक उशांच्या चळतीवर, बरोबर वहिनींच्या कानाच्या उंचीला ठेवला. "पंखा बंद! कुकर बंद! कुणी बोलू नका!" स्पीकर एकेक करून फुसफुसले आणि रिसीव्हरनं आपली अंतरं आपणच मोजली. ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे गेलं, मधला स्पीकर थोडा चढवला. मालिका लावली. सासूचा शब्द न् शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला. वहिनींच्या मते जरा जास्तच.

पाचहजारे डोळे मिटून ऐकत होते. "वाईट नाही," म्हणाले आणि नजर पंख्याकडे गेली. वहिनींनी चटकन पोह्यांची बशी पुढे केली.

त्यांच्या स्वतःच्या घरी एचडीएमआय नसलेला जुना, सेकंडहँड घेतलेला रिसीव्हर आहे. टीव्हीतून ऑप्टिकल केबल येते, तिच्यातून डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित येतो. आमच्या इमारतीतला सगळ्यात चांगला आवाज त्याच हॉलमध्ये आहे. नवा का घेत नाही विचारलं तर म्हणतात, "मला पुरतो की!"

तेव्हा तुम्ही घ्यायला निघाला असाल तर पाच चॅनल, टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरकडे आणणारी एआरसीची एचडीएमआय, सोबत माईक आणि गावात सर्व्हिस सेंटर, एवढं बघा. उरलेले पैसे स्पीकरवर घाला, त्यातही मधल्यावर आधी. तुमच्या सोसायटीतल्या पाचहजारेंना जरूर बोलवा, पण जोडणीच्या दिवशी. खरेदीला वहिनींना न्या.